भूकंप एकच, मग आकडे दोन का?

प्रश्न : भूकंप झाला की एका बातमीत 4.1 येते, दुसरीत 4.4. केंद्रही वीसेक किलोमीटर इकडचे तिकडे. खरे काय धरायचे? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : दोन्ही अंदाजच. नंतर आलेला धरा. पहिला मोजक्या भूकंपमापक यंत्रांवरून घाईत काढलेला असतो.

आधी केंद्राचे पाहू. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात : आधी पोचणारी 'पी' लहर खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते, मागून येणारी 'एस' लहर साडेतीन. दोन्ही यंत्रावर किती सेकंदांच्या फरकाने पोचल्या ते पाहायचे आणि त्याला 8.4 ने गुणायचे, की यंत्रापासून केंद्राचे अंतर मिळते. समजा, जळगावच्या यंत्रावर फरक 10 सेकंद आला, म्हणजे 84 किलोमीटर. नंदुरबारला 8, म्हणजे 67. नकाशावर त्या त्या गावाभोवती एवढ्या त्रिज्येची दोन वर्तुळे कंपासने काढून बघाच. ती दोन ठिकाणी छेदतात : शिरपूरच्या जरा उत्तरेला आणि सोनगीर-धुळ्याच्या मध्ये. यातले खरे कोणते, ते तिसरे यंत्र सांगते. आता जळगावच्या नोंदीत 'एस'ची सुरुवात एक सेकंद आधी धरली गेली असे समजा. वर्तुळे इथे तिरकस छेदत असल्याने वरचा बिंदू तब्बल 20 किलोमीटर दक्षिणेला सरकतो! आणि 'एस' ओळखणे सोपे नसते, ती 'पी'च्या शेपटातच येते. म्हणून यंत्रे चहूबाजूंनी हवीत. सगळी एकाच अंगाला असली तर चूक पकडता येत नाही.

तीव्रतेचेही तसेच. रिश्टरने 1935 साली ठरवलेल्या मापात 100 किलोमीटरवरच्या ठरावीक यंत्राची रेघ 1 मिलिमीटर हलली तर 3, 10 मिलिमीटर हलली तर 4. म्हणजे हालचाल दुप्पट झाली की आकडा 0.3 ने वाढतो. तापीकाठच्या जाड गाळावर बसवलेले यंत्र बेसाल्टच्या कातळावरच्या यंत्रापेक्षा सहज जास्त हलते. मातीची ही वजावट करून सगळ्या यंत्रांची सरासरी काढतात. तेव्हा 4.1 की 4.4 यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : खोली बऱ्याचदा 10 किलोमीटरच कशी? (एक वाचक, यावल)

उत्तर : ती बहुधा मोजलेली नसते, गृहीत धरलेली असते. खोली नीट कळायला एखादे यंत्र केंद्राच्या जवळजवळ डोक्यावर लागते. ते नसेल तर खोली वाढवा नाहीतर कमी करा, भूकंपाची सुरुवातीची वेळ थोडी सरकवली की हिशेब जुळतोच. मग 10 वर ठेवून देतात. प्रत्यक्षात फरक मोठा असू शकतो : 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप सुमारे 35 किलोमीटर खोल होता.