डीमन म्हणजे राक्षस नव्हे

प्रश्न (रामबाग, इंदूर): मॅकवर चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कोअरऑडिओडी, ब्लूटूथडी, कॉन्फिगडी अशी नावे दिसतात. क्लासमध्ये सांगितले की शेवटचा 'डी' म्हणजे डीमन, म्हणजे राक्षस. मारला तरी पुन्हा जिवंत होतो. मराठीत 'राक्षस' म्हणावे का?

उत्तर: मुळीच म्हणू नये. इंदुरात काय नि पुण्यात काय, शिकवणारे हा राक्षस सोडायला तयार नाहीत, आणि ऐकणारा ही नावे व्हायरस समजून उडवायला बसतो.

'डी' डीमनचा, एवढे खरे. मॅकओएसच्या पोटात डार्विन नावाचा गाभा आहे, त्यात बीएसडीचा, म्हणजे युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या एका शाखेचा, मोठा वाटा. नावापुढे 'डी' लावायची रीत युनिक्सचीच. खिडकी न उघडता, टर्मिनलशी (आज्ञा टाइप करायच्या खिडकीशी) नाते न ठेवता राबत राहणारा प्रोग्राम तो डीमन. हे नाव 1963च्या सुमारास एमआयटीत, आयबीएम 7094 यंत्रावर काम करणाऱ्या फर्नांडो कॉर्बातो यांच्या मंडळींनी उचलले. डोळ्यांसमोर होता भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा कल्पनेतला डीमन: दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून वेगवान रेणू इकडे, संथ रेणू तिकडे अशी वाटणी करणारा.

वाटणी! सगळे मर्म या शब्दात आहे. ग्रीक 'दाइमोन' आला 'दाइओमाइ'वरून, म्हणजे वाटणे. ज्याचे त्याला वाटून देणारा तो दाइमोन. त्याच कुळातले संस्कृत 'दयते': वाटा देतो, आणि पुढे, कळवळतो. त्यातूनच 'दया'. ज्याला राक्षस म्हणून हिणवता तो दयेचा भाऊबंद निघाला! अर्थाने पाहाल तर नाते आणखी जवळचे. भज् म्हणजे वाटणे. 'भग' म्हणजे वाटा देणारा. भाग आणि भाग्य त्याच घरचे. ग्रीक 'एउ' आणि आपला 'सु' मुळात एक. तेव्हा ग्रीकांचा 'एउदाइमोन' म्हणजे अक्षरशः आपला 'सुभग', आणि 'एउदाइमोनिया' म्हणजे सौभाग्य. शिंगे उगवली ती मागाहून, ख्रिस्ती लेखकांनी जुन्या देवतांना सैतानाच्या पंगतीला बसवले तेव्हा. बीएसडीच्या लाल, त्रिशूळवाल्या चित्राने तो गैरसमज घट्ट केला.

'राक्षस'वाले रामायणाचा दाखला देतात: उत्तरकांडात 'रक्षाम' म्हणाले ते राक्षस, म्हणजे रक्षकच की! मग पुढचा चरणही वाचा. 'यक्षाम' म्हणाले ते यक्ष. अदृश्य राहून कुबेराचा ठेवा सांभाळणारा यक्ष हाच इथे नेमका बसतो, आणि त्याला कोणी भीत नाही. परिभाषावाल्यांची 'पार्श्वभूमी प्रक्रिया' तर सरळ चूक आहे. टर्मिनलमध्ये कुठल्याही आज्ञेच्या शेवटी अँपरसँड (&) लावला की ती पार्श्वभूमीत जाते, म्हणून काही डीमन होत नाही. माळव्यातल्या माणसाने खरे तर कोश उघडायलाच नको. शिवेवरचा शेंदूर फासलेला भेरू (भैरव) पाहावा: न बोलावता हजर, जागचा हलत नाही, गावाची राखण करतो.

पुन्हा जिवंत होण्याचे म्हणाल, तर ती लाँचडी या डीमनची करणी. 2005च्या टायगर आवृत्तीपासून मॅकवर प्रक्रिया क्रमांक 1 त्याचा. बाकीच्या डीमनांना तोच उठवतो. आवाज अडकला तर टर्मिनलमध्ये 'सुडू किलऑल कोअरऑडिओडी' (sudo killall coreaudiod) ही आज्ञा द्या आणि पासवर्ड टाका (टाकताना अक्षरे दिसत नाहीत, तरी टाकत राहा). कोअरऑडिओडी मरतो, लाँचडी त्याला लगेच नव्या क्रमांकाने उभा करतो, आणि आवाज बहुधा परत येतो. 'सुडू' (प्रशासकाच्या अधिकाराने चालवा, असे सांगणारा शब्द) विसरलात तर 'तुमच्या मालकीची अशी प्रक्रिया नाही' असे उत्तर मिळेल, कारण तो डीमन तुमच्या खात्यावर चालतच नाही. लॉगिननंतर तुमच्या नावावर चालतो तो एजंट. म्हणून तर मॅकच्या 'लायब्ररी' फोल्डरात लाँचडीमन्स आणि लाँचएजंट्स अशी दोन वेगळी फोल्डरे. लाँचडीमन्समध्ये स्वतःची पीलिस्ट (डीमन कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) ठेवायची असेल तर तिची मालकी रूट या सर्वाधिकारी खात्याची आणि व्हील गटाची हवी, परवाने 644 (मालकाला वाचणे-लिहिणे, बाकीच्यांना फक्त वाचणे). गटाला किंवा इतरांना लिहिण्याची मुभा राहिली, तर लाँचडी ती फाइल हातात धरत नाही.