सिम रेसिंगची सुरुवात : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. घरी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आणि 27 इंची मॉनिटर आहे. सिम रेसिंगसाठी, म्हणजे स्टिअरिंग आणि पेडल्स जोडून संगणकावर खऱ्यासारखी मोटारशर्यत खेळण्यासाठी, मी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ही रक्कम जास्तीत जास्त ताकदीच्या डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंगवर खर्च करून पेडल्स साधीच घ्यावीत का? फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि वेळ रात्रीच मिळतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअरवर चालणारे लॉजिटेक जी-29 साधारण दोन न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) देते, तर मोझा आर-5 किंवा फॅनाटेक सीएसएल डीडी यांसारख्या सुरुवातीच्या डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंगमधून पाच न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरचा दांडा थेट स्टिअरिंगच्या चाकाला जोडलेला असल्यामुळे टायरची पकड सुटू लागल्याची सूचना हाताला आधी आणि स्वच्छ मिळते, हा फरक खरा आहे. परंतु नवशिक्याचा वेळ वळणाच्या मध्यापेक्षा वळणाआधीच्या ब्रेकिंगमध्ये अधिक वाया जातो, आणि तेथे स्टिअरिंगची ताकद उपयोगी पडत नाही.

साधे पेडल पाय किती खाली गेला ते मोजते, तर लोड सेल असलेले पेडल पायाने किती दाब दिला ते मोजते. आपल्या स्नायूंना अंतरापेक्षा दाब अधिक चांगला लक्षात राहतो, त्यामुळे लोड सेलवर एकाच ठिकाणी, एकाच जोराने ब्रेक दाबण्याची सवय लवकर लागते आणि वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडण्याची कला, जिला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, हाताशी येऊ लागते. म्हणून स्टिअरिंग मध्यम घ्यावे आणि उरलेल्या पैशांत लोड सेलचे ब्रेक पेडल व पक्की बैठक यांची सोय करावी.

बैठकीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा भाग बहुतेकांकडून राहून जातो. चाके असलेल्या ऑफिसच्या खुर्चीत बसून लोड सेलवर जोर दिला की खुर्चीच मागे सरकते आणि मोजलेला दाब निरर्थक ठरतो. आपण अंबडला काम करता, तेव्हा चौकोनी पाइप वेल्डिंग करून देणारे कारागीर आपल्या परिचयाचे असतीलच. पेडल्सची पाटी आणि बैठक एकाच चौकटीवर राहील, पेडल्सचे अंतर पुढेमागे करता येईल आणि जोर दिल्यावर चौकट वाकणार नाही, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे. वापरलेल्या मोटारीची सीट भंगार बाजारात मिळाल्यास उत्तमच. सध्या हे जमत नसेल, तर खुर्चीची चाके काढून तिचा मागचा भाग भिंतीला टेकवावा.

मॉनिटर शक्य तितका जवळ, स्टिअरिंगच्या लगेच मागे ठेवावा. 27 इंची पडद्याची रुंदी साधारण 60 सेंटिमीटर असते. डोळ्यांपासून तो 60 सेंटिमीटरवर असल्यास आडवा दृश्यकोन (पडदा डोळ्यांना जेवढ्या कोनात दिसतो तो) सुमारे 53 अंश येतो, आणि 90 सेंटिमीटरवर जेमतेम 37 अंश. गेमच्या ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ सेटिंगमध्ये हाच आकडा द्यावा, मात्र काही गेम्स उभा कोन विचारतात हे लक्षात असू द्यावे. कोन फुगवून ठेवल्यास आजूबाजूचे अधिक दिसते खरे, पण वळण किती दूर आहे याचा अंदाज चुकतो आणि ब्रेकचा सगळा हिशेब बिघडतो.

सरावासाठी 2014 सालचा असेटो कोर्सा हा रेसिंग गेम पुरेसा आहे. त्यातील फियाट अबार्थ 500 ही कमी ताकदीची गाडी आणि इटलीतील माजियोने हा अडीच किलोमीटरचा ट्रॅक घ्यावा. जर्मनीतील न्युर्बर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफे या ट्रॅकचा मोह मला समजतो, मीही तो ट्रॅक मनापासून आवडणाऱ्यांपैकी आहे. परंतु तेथे चुकलेले वळण पुन्हा समोर यायला कितीतरी मिनिटे लागतात, तर माजियोनेवर ते दोन मिनिटांच्या आत परत येते आणि चूक ताजी असतानाच सुधारता येते. फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर स्टिअरिंगमधून हाताला देते तो जोर, इतका वाढवू नये की मोटर सतत कमाल मर्यादेवर राहील, कारण मग बारीक सूचना त्या जोरात विरून जातात.

रात्रीच्या आवाजाचा आपण आधीच विचार केला, हे मला आवडले. गिअरवर चालणारे स्टिअरिंग खडखडते आणि डायरेक्ट ड्राइव्ह जवळजवळ शांत असते, त्यामुळे आपल्या घरासाठी पाच न्यूटन-मीटरच्या डायरेक्ट ड्राइव्हकडेच माझा कल राहील. खालच्या मजल्यावर जाणारा आवाज मात्र मुख्यतः पेडल्सच्या धक्क्यांचा असतो. चौकटीच्या प्रत्येक पायाखाली जाड रबराचा तुकडा आणि त्याखाली व्यायामशाळेत वापरतात तशी चटई घालावी, आणि पहिल्या रात्री खालच्या शेजाऱ्यांना काही ऐकू येते का ते आपण स्वतः विचारून घ्यावे.