पिल्लू घरी आणलंस, आता हात फिरवायला शीक

प्रिय बाळा,

जेटीजवळ उपड्या होडीखाली सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तू घरी आणलंस, आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिनेच वाटीत पेज काढून दिली, हे माझ्या कानावर आलं. मादी म्हणून कुणी उचलत नव्हतं, तू उचललीस. फार बरं केलंस. पुढची बारा-चौदा वर्षं ती तुझी.

जनावरांच्या दवाखान्यात होतो तोवर येईल त्याला मी एकच गोष्ट सांगायचो. कुत्र्याच्या अंगावरून रोज हात फिरवा, पण तपासायला म्हणून. लाड त्यात आपोआप होतात. रात्री जेवणं झाली की पडवीत बस आणि तिला पुढ्यात घे. कान उलटा करून आत बघ, वास घे. मग पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत बोटं घाल. मसुराच्या दाण्यासारखं काही हाताला लागलं तर तो गोचीड. रक्त पिऊन फुगला की राखाडी, एरंडीच्या बीसारखा होतो. चिमट्याने कातडीलगत धर आणि सरळ वर ओढ. पिळू नको, रॉकेल ओतू नको, नखाने चिरडू नको. शेवटी वरचा ओठ उचलून हिरडी बघ. ती गुलाबी हवी. बोटाने दाबलीस की पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा.

हे सांगतोय त्याला कारण आहे. आमचा मोत्या एका श्रावणात गप्प झाला. पावसाने कंटाळला असेल म्हणून मी चार दिवस तसाच सोडला. पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं. ओठ उचलला तर हिरड्या चुन्यासारख्या. गोचीडताप, गोचिडाच्या चाव्यातून होणारा. लोकांची गुरं तपासत गावोगाव फिरणारा मी, घरच्या कुत्र्याच्या तोंडात डोकावलो नव्हतो. मोत्या गेला. वेळेवर कळलं तर या तापावर औषध आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण चार आठवडे, डॉक्सीसायक्लिन नेमाने दिलं तर बरीच कुत्री सावरतात. आपल्याकडच्या दमट हवेत गोचीड बाराही महिने असतात, म्हणून मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी डॉक्टरांना विचारून चालूच ठेव.

लसींचं कार्ड आत्ताच करून घे. सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लांना हां हां म्हणता नेतात. लेप्टो तापाची लस त्यात आहे ना, हे विचारून घे. भातलावणीत साचलेल्या पाण्यातून तो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की, मग वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, नंतर तीन-तीन महिन्यांनी. आणि गावातल्या कुठल्याही कुत्र्याने तुला नुसतं ओरबाडलं तरी जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. उद्यावर टाकू नको.

नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरव, पण कर. न केलेल्या माद्यांच्या गर्भाशयात वय झाल्यावर पू होतो, आणि तेव्हाचं ऑपरेशन जिवावरचं असतं. शिवाय होडीखाली पिल्लं कुठून येतात ते तू पाहिलंच आहेस.

नुसत्या पेजेवर पिल्लू वाढत नाही. त्यात उकडलेलं अंडं, कोंबडी, काटे काढलेली मासळी घाल. मीठ-तिखट नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. मनुका आणि चॉकलेटही विषच. शिजवलेली हाडं देऊ नको, ती चिरफळतात. मे महिन्यात आंब्याचे बाठे उचलून ठेव. आतड्यात अडकलेला बाठा पोट फाडूनच काढावा लागतो. किनाऱ्यावर रापण ओढून झाली की वाळूत टाकलेला विषारी केंड मासा पडलेला असतो, त्याच्यापासून तिला लांब ठेव. त्या विषावर उतारा नाही.

तिला दिवसभर साखळीला बांधू नको, एवढं माझ्यासाठी कर. बांधलेलं कुत्रं भुंकून भुंकून वेडंपिसं होतं. सकाळ-संध्याकाळ फिरायला ने आणि तिला थांबून हुंगू दे. तिचं वर्तमानपत्र तेच. उन्हाळ्यात दुपारी कातळावर नेऊ नको, आधी तुझा तळहात टेकवून बघ. रात्री मात्र घरात घे. बिबट्या अंगणातून बांधलेलं कुत्रं उचलून नेतो, आणि साखळीमुळे कुत्र्याला पळताही येत नाही. फुरसं चावलं तर आवळून बांधू नको, कापू नको, चालवू नको. उचलून थेट दवाखान्यात ने.

सात-आठ वर्षांची झाली की हात जरा सावकाश फिरव. गाठी लागतील, कमरेला दुखेल, डोळ्यांत धुकं येईल. वर्षातून एकदा होणारी तपासणी तेव्हा दोनदा कर. जिना चढेना झाली तर तिची गोणपाटाची घडी खाली आण, आणि तूही थोडा वेळ खाली येऊन बस.

रविवारी मी येतोय, नखं कशी कापायची ते दाखवतो. लसीच्या कार्डावर नावाची जागा असते. तिचं नाव अजून ठरलेलं नाही म्हणे. तेवढं ठरवून ठेव.

तुझा,
काका