बोलेरो पिकअपच्या फाटलेल्या पुढच्या सीटच्या जागी भंगारातल्या जुन्या सीट बसवता येतील का?

हो, येतील, पण सीट त्याच मॉडेलच्या आणि शक्यतो त्याच सालाच्या गाडीच्या घ्या. गॅरेजमध्ये हे काम करतो म्हणून सांगतो, काम सीटच्या रेक्झिनवर अडत नाही, अडतं ते सीट ज्यावर सरकते त्या खालच्या पट्टीच्या बोल्टवर. भोकांचं अंतर जुळलं नाही की लोक पत्र्याला नवी भोकं पाडतात. हे अजिबात करू नका. मूळ जागी पत्र्याला खालून जाड आधार असतो. नुसत्या पत्र्यातून धडकेच्या वेळी बोल्ट उपटून येऊ शकतो. कुर्ल्याला किंवा जवळच्या भंगार बाजारात जाताना टेप न्या आणि एवढं बघा:

- बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर
- सीट मागेपुढे सरकवल्यावर लॉक पक्कं बसतं का
- फ्रेमला वेल्डिंगचा जोड किंवा खोल गंज आहे का
- बेल्टचं बक्कल सीटला आहे की फ्लोअरला, आणि ते तुमच्या गाडीशी जुळतं का

फोम दबलेला, रेक्झिन फाटलेलं चालेल, ते कुशनवाला नवं करून देतो. मात्र तुमची फ्रेम शाबूत असेल तर सीट बदलूच नका, तिच्यावरच फोम-रेक्झिन करून घ्या. आणि आरसीवर जितकी आसनं आहेत तितकीच ठेवा.