बोर्ड बदलायच्या कागदावर आज सही करू नका

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप घेऊन पाच महिने झाले, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, कोपऱ्यात ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं येतं, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलावा लागेल, वॉरंटीत आहे, पैसे नाहीत, फक्त फॉर्मवर सही करा. अपडेट होत नाही आणि स्वस्तातला घेऊन फसलो का, हे प्रश्न तुम्ही नंतर विचारलेत. मीही ते नंतरच घेते. आधी सही थांबवा. लॅपटॉप अडॅप्टरवर अजून चालू होत असेल तर आजच्या आज त्यातलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून घ्या.

मी काही इंजिनिअर नाही, हे आधीच सांगते. राजेंद्रनगरात राहते, जुने मराठी कागद वाचून त्यांचं हिंदी करून देते. होळकरांच्या वेळचे मोडीतले दस्त इंदुरात अजून कित्येक घरांच्या ट्रंकांत पडून आहेत. वाटणीचा दावा लागला की ते बाहेर निघतात. मग आधी बाळबोध करायचं, मग हिंदी. या कामाला भारी लॅपटॉप लागत नाही. मीही तुमच्यासारखाच सर्वांत स्वस्त घेतला होता आणि कामाला तो नीट चालत होता. एक फाइल, एक शब्दकोश, दोन-चार टॅब, संध्याकाळी भाचीशी व्हिडिओ कॉल. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे टाकाऊ’ असं जे तुम्हाला इतरांनी सांगितलंय, ते मला पटत नाही.

तर माझाही चार्ज होईना, अगदी याच संदेशासकट. एका अधिकृत सेंटरवर नेला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरच्या मुलाला मी स्पष्ट विचारलं की आतल्या फाइलींचं काय. तो म्हणाला, “मॅडम, हार्ड डिस्क को तो हम हाथ भी नहीं लगाएँगे.” आणि खरंच नाही लावला, कारण त्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. या स्वस्त मॉडेलांत जे 64 जीबी असतं ते ईएमएमसी, म्हणजे फोनमध्ये असते तशी एक चिप, थेट मदरबोर्डवर झाळलेली. बोर्ड गेला की त्यासोबत चिप गेली, चिपसोबत सगळ्या फाइली. त्या मुलाला हे माहीत नव्हतं की माहीत असून सांगितलं नाही, देव जाणे. फॉर्मवर बारीक इंग्रजीत ‘ग्राहकाने बॅकअप घेतला आहे’ असं होतं आणि पुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती. ते मी नंतर कार्बन कॉपीवर वाचलं.

लॅपटॉप परत आला तो कोरा. एका घराचे सबंध दस्त, शाई उडालेली, कागद कुरतडलेले, बाळबोध करून झाले होते, ते गेले. मी म्हटलं जुना बोर्ड तरी द्या, कोणाकडून तरी चिप वाचून घेते. तर म्हणे, वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, आमच्याकडे राहत नाही. मॅनेजर आज नाहीत. ई-मेल करा. ई-मेलला उत्तर आलं की आपल्या असुविधेबद्दल खेद आहे आणि आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. ज्यांच्याकडे न्यायची तेच ती बंद करतात!

आणि घरी आणून लावला, तर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. नव्या बोर्डवरही!

शेवटी आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने लॅपटॉप उघडलाही नाही. त्याच कंपनीचा दुसरा अडॅप्टर लावला आणि चार्जिंग सुरू झालं. काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही. अडॅप्टर कंपनीचाच आहे का आणि किती वॅटचा आहे, एवढं ती लॅपटॉपला कळवते. तिची तार पिनजवळ वाकून वाकून आतून तुटली की लॅपटॉप चालतो, पण अडॅप्टर ओळखत नाही; मग बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवतो. तुम्ही ‘हल्ली फार स्लो झालाय’ असंही लिहिलंय, म्हणून मला हा संशय जास्तच येतो. अर्थात तुमचा टाइप-सी असेल तर ही पिनची कथा लागू नाही. तरी दुसरा, तेवढ्याच वॅटचा चार्जर लावून बघणं तिथेही पहिलंच. सेंटरवाल्यांना सांगा, “माझ्यासमोर दुसऱ्या अडॅप्टरवर लावून दाखवा, मग बोर्डचं बोलू.” नाही म्हणाले तर जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, तसं लिहून मागा. ते लिहून देणार नाहीत, पण बहुतेक दुसरा अडॅप्टर आणतील.

माझा अंदाज असा की या सेंटरांत आता दुरुस्ती कोणी करतच नाही. भाग काढायचा, भाग लावायचा, जॉब बंद करायचा. सगळी सेंटरं अशी असतील असं नाही, चांगली माणसंही भेटतात. पण तक्रार करायची वेळ आली तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी नाही. जीएसटीचं पक्कं बिल मात्र हवं. मी वकील नाही, वकिलांचे कागद वाचते एवढंच. नीट विचारून घ्या.

फाइली काढताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपांत स्टोरेज आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होतं, तुम्ही काही न करता. होम आवृत्तीतसुद्धा. त्याची 48 आकडी रिकव्हरी की तुमच्या त्या खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. आजच उघडून कागदावर उतरवून ठेवा. उद्या बोर्ड खरंच मेला आणि कोणी वाकबगार माणूस चिप काढून वाचायला तयार झाला, तरी त्या आकड्यांशिवाय त्याला काही मिळणार नाही. दुकानदाराने घाईत ज्या खात्याने लॅपटॉप चालू करून दिला ते खातं तुमचं आहे ना, हेही बघा.

आता अपडेटचं. 64 मधले विंडोजला दिसतात 58 च्या आसपास, त्यातला निम्मा भाग विंडोज स्वतःच खातं. विंडोज 11 साठी कंपनीने 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज ही किमान अट ठेवलीय, म्हणजे तुम्ही उंबऱ्यावरच उभे आहात. दरवर्षीच्या मोठ्या अपडेटला जागा पुरत नाही. विंडोज जागा नाही म्हणेल तेव्हा रिकामा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावली तर तिथली जागा वापरायचा पर्याय देतं, तो घ्या. अपडेट झाल्यावर सेटिंग्जमध्ये स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स, तिथून ‘आधीचं विंडोज’ काढून टाका. ते दहा दिवसांनी आपणहून जातं, पण तेवढे दिवस श्वास कोंडतो. बाकी क्लीनर, बूस्टर वगैरे काहीही टाकू नका.

विकून दुसरा घ्यावा का? वॉरंटी आहे तोवर हाच वापरा. पण पुढच्या वेळी, हे माझं मत आहे, भांडू नका, वीस हजारांच्या आतबाहेर नवीन घेण्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घ्या. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. विंडोज 11 अधिकृतपणे तिथूनच चालतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं हल्ली कवडीमोलाने गळ्यात मारतात. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकणार असाल तर खुशाल घ्या. पण ऑफिसचा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि डिजिटल सहीचा यूएसबी डोंगल चालवायचा असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. या जुन्या लॅपटॉपांत एसएसडी, म्हणजे फाइली ठेवायची डिस्क, वेगळी असते, स्क्रू काढून हातात घेता येते. मला आता तेवढंच पुरे आहे. विकत घेताना दुकानातच विंडोज पूर्ण रीसेट करून, इंटरनेट जोडून सुरू करायला लावा. कोणा कंपनीचं नाव झळकलं आणि ऑफिसचं लॉगिन मागितलं तर तिथेच ठेवून या. तो त्या कंपनीच्या यादीतून अजून निघालेला नाही.

वहिनी सीपीसीटीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंगच्या परीक्षेची, तयारी करतायत म्हणालात. त्यांना या लॅपटॉपच्या चपट्या कीबोर्डवर सराव करू देऊ नका. परीक्षेत डेस्कटॉपचा कीबोर्ड असतो, बोटं तिथे अडखळतात. साधा यूएसबी कीबोर्ड आणा. आणि कळांची मांडणी रेमिंग्टन गेल की इनस्क्रिप्ट हे आधी ठरवा. मी तर इनस्क्रिप्टच म्हणेन, कारण मराठी आणि हिंदी दोन्ही त्याच बोटांनी होतं. कृती देव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं काही पुढे धड शोधताही येत नाही, मी भोगलंय ते वेगळंच.

बाहेरच्या कीबोर्डचा दुसरा फायदा म्हणजे शेव. इंदूरचं घर म्हटलं की ती कीबोर्डात जाणारच, आणि या स्वस्त लॅपटॉपांचा कीबोर्ड वरच्या झाकणाला आतून प्लास्टिकच्या रिव्हेटांनी ठोकलेला असतो. एक कळ गेली की अख्खं झाकण बदला म्हणतात. उन्हाळ्यात मांडीवर, गादीवर ठेवू नका. यात पंखा नसतो, तापला की स्वतःच मंदावतो आणि आपण व्हायरस शोधत बसतो.

फाइली निघाल्या की लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल इथे लिहा, पोटावरच्या चिठ्ठीवर असतं ते. काही मॉडेलांत ईएमएमसीशिवाय एसएसडीसाठी रिकामी खाच कंपनीने ठेवलेली असते आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. तशी असेल तर विंडोज एसएसडीवर नेऊन टाकू, 64 जीबीची कटकटच जाईल. फक्त वॉरंटीत पोट उघडलेलं चालतं का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या.