प्रश्न: गटाने मिळून लिहिलेल्या लॅब रिपोर्टला सगळ्यांना सारखेच गुण मिळतात का? तपासणारे नेमकं काय बघतात?

साधारणपणे रिपोर्ट एक आणि गुणही सगळ्यांना तेच. काही शिक्षक मात्र तोंडी प्रश्न विचारून किंवा गटातल्यांनी एकमेकांना दिलेल्या शेऱ्यांवरून वैयक्तिक गुण वर-खाली करतात. तेव्हा पहिल्याच प्रॅक्टिकलला विचारून घ्या.

असे बरेच रिपोर्ट तपासले आहेत, त्यावरून सांगतो. उद्देश, साहित्य, कृती हे भाग सगळ्यांचे सारखेच असतात, तिथे फारसा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो चर्चेत. समजा, साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.६ आलं. 'मानवी चुकीमुळे फरक आला' हे वाक्य वाचून वाचून मी कंटाळलोय! त्याऐवजी असं लिहा: स्टॉपवॉच दाबताना सुमारे ०.२ सेकंदाची चूक धरली, तर २० आंदोलनं मोजल्यामुळे एका आंदोलनामागे ती फक्त ०.०१ सेकंद उरते. शिवाय लांबी गोळ्याच्या केंद्राऐवजी वरच्या कडेपर्यंत मोजली असेल, तर उत्तर कमीच येणार. एवढं लिहिलंत की प्रयोग समजलाय हे दिसतं.

कामं वाटून घ्या, पण तुकडे नुसते चिकटवू नका. आलेखात एक आकडा आणि निष्कर्षात दुसरा, हे लगेच कळतं. शेवटी एकाने सगळं सलग वाचून काढावं. आणि निरीक्षणं प्रत्येकाने आपल्या वहीत उतरवावीत, कारण तोंडी प्रश्न नेमका आलेख न काढणाऱ्यालाच विचारला जातो.