माशाचं वय मोजायला शिकताना

माशाच्या कानाच्या आतल्या खड्यांवरून (ओटोलिथ), त्यातले वाढीचे पट्टे मोजून वय काढायचंय ना? मग बांगड्यापासून सुरुवात नको; त्याचे खडे इवलेसे, हाताळताना मोडतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ढोमा मासा आण. त्याचे खडे चांगले जाड असतात. डोकं उघडलंस की मेंदूच्या खाली, मागच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक सापडेल. चिमट्याने उचल, वरचा पडदा धुऊन काढ, खडा सुकव, कागदी पाकिटात ठेव. तारीख, बंदर, माशाची लांबी तिथल्या तिथे लिही. फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रवात) चुकूनही टाकू नकोस. खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लधर्मी फॉर्मलिन त्याला विरघळवतं.

खडा ओल्या पॉलिश पेपरवर गाभ्यापर्यंत घास. काळ्या पार्श्वभूमीवर वरून उजेड टाकला की अपारदर्शक पट्टे पांढरे दिसतात, अर्धपारदर्शक काळपट. पण पट्टा दिसला की एक वर्ष, अशी घाई नको! आपल्या उबदार समुद्रात अंडी घालण्याच्या हंगामानेही पट्टे उमटू शकतात. वर्षाला एकच पडतो का, हे दरमहा नमुने घेऊन खड्याच्या कडेची वाढ तपासूनच ठरवावं लागतं. माझ्या मते खरं काम हेच. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक बोटी थांबतात, म्हणून छोट्या होडीवाल्यांशी मे महिन्यातच बोलून ठेव.

पट्टे मोजताना लांबीची नोंद बघू नकोस. काही दिवसांनी पुन्हा मोज. आकडे जुळले नाहीत तर तो खडा बाजूला काढ.